जमुनाबाईचं मडकं

हुकुमचंद चौथ्या रविवारी बोडीवरून, म्हणजे गावच्या तळ्यावरून, रिकाम्या हातानं परतला, तेव्हा त्याच्या बायकोनं, जमुनाबाईनं ठरवलं की मासोळीचं खाणंपिणं आता आपणच बघायचं. नुसत्या कणकेच्या गोळीला कोण तोंड लावेल? तिच्या हातचं नाकारायची बिशाद आजवर नवऱ्याची झाली नव्हती, मग मासोळीची कुठून होणार?

तिनं मडक्यात मोहफुलं आणि गूळ भिजत घातला, वर बडीशेप, विलायची, चमचाभर तूप. कणकेची गोळी या रसात बुडवायची आणि गरीच्या गळाला लावायची. रस तीन दिवस मुरायला हवा होता. बाईला तीन घटका धीर नव्हता. झाकण काढायची, हुंगायची, ढवळायची, परत झाकायची. आणि दर खेपेला वास गल्लीत आणखी एक घर पुढे जायचा.

तिसऱ्या दिवशी दारूबंदीचं महिला मंडळ दारात आलं. अध्यक्ष, जमुनाबाई स्वतः. आठ बाया, आठ काठ्या, पुढे सचिव वच्छला.

"काकी, मोहाच्या दारूचा सडवा कोनाच्या घरी हाये, शोधून राहिलो होतो," वच्छला मडक्याकडे बघत म्हणाली. "वास इथंच येऊन थांबते."

"मासोळीचा चारा हाये तो."

"उदाराम म्हैशीचं औषद म्हने. तुमी का म्हनल्या होत्या? आधी मडकं फोडाचं, मंग आयकाचं."

नियम जमुनाबाईचाच होता. त्याच नियमानं तिनं दारू गाळणाऱ्या उदारामची अकरा मडकी फोडली होती. आता बारावं तिच्याच चुलीशेजारी फुटलं, तर गावात तोंड दाखवायची सोय नव्हती. तिनं मडकं कडेवर घेतलं आणि सगळ्यांना बोडीवर चला म्हणाली. मासोळी लागली नाही, तर पहिली काठी ती स्वतः मारणार होती.

बाया बोडीच्या काठाला पाळीवर बसल्या. हुकुमचंदनं गोळी बुडवून गरी टाकली. जमुनाबाई उठली, बसली, गरी डावीकडे घ्या म्हणाली, उजवीकडे घ्या म्हणाली, मासोळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"जरा चूप राय ना, खुमेंद्रची माय," हुकुमचंद म्हणाला. चाळीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच. ती इतकी चकित झाली, की खरंच चूप राहिली. तेवढ्यात गरीचा तरंगा बुडाला.

दोन किलोची रोहू निघाली. वच्छला काठी पदराआड लपवू लागली. जमुनाबाईनं मासोळी हातात धरून लांबच्या वाटेनं, सगळ्या गावातून घरी नेली.

पुढच्या आठवड्यात उदारामच्या गोठ्यात तीन मडकी सापडली. काठ्या उचलल्या, तरी तो खाटेवरून उठला नाही.

"मासोळीचा चारा हाये, काकी."

आठही बायांनी अध्यक्षांकडे बघितलं.

"चाल बोडीवर," जमुनाबाई म्हणाली. या माणसानं जन्मात गरी धरली नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्यानं हुकुमचंदचीच गरी उसनी घेतली आणि उलटी धरली. हुकुमचंदनं ती सरळ करून दिली. उदारामनं आपल्या मडक्यात गोळी बुडवली, कशीबशी फेकली. जमुनाबाई पाळीवर टेकायच्या आत तरंगा गायब. पाच किलोचा कतला होता. ओढायला दोन बाया धावल्या, त्यातली एक वच्छला.

तिन्ही मडकी सुटली. जमुनाबाई घराकडे भराभर निघाली. हुकुमचंदनं तिला धापा टाकत गाठलं आणि कानाशी हळूच म्हणाला,

"खुमेंद्रची माय, त्याच्या मडक्यात का का टाकते, इचारून येऊ का?"