योग्य ती फी

वकिलांच्या कचेरीविरुद्ध तक्रार ठोकली, तेव्हा चष्मेवाल्यांचा आवाज चार दुकानं पलीकडे ऐकू गेला होता. फी आधी सांगितली नाही, हा एक गुन्हा. दुसरा त्याहून मोठा. कचेरीने करून दिलेल्या दुकानाच्या भाडेकरारातून मागची खोली साफ गळली होती. काचा घासायचं यंत्र त्याच खोलीत, आणि घरमालकाने तिला कुलूप घातलेलं. चष्मेवाले रोज जेवताना गरजत, "कोण अर्धवट बसवलाय तुमच्या कचेरीत?" त्यांची मुलगी तिथेच नवी वकील होती. ती मान खाली घालून ताटातलं चिवडत बसे.

चौकशीच्या दिवशी कचेरीच्या दारात तिने बापाची बाही धरली. "बाबा, तो अर्धवट मीच रे."

चष्मेवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. पोरीची नोकरी अजून कच्ची होती. आत कचेरीचे मोठे वकीलसाहेब तक्रार पुढ्यात घेऊन बसले होते. खुर्चीत टेकता टेकता चष्मेवाल्यांनी पलटी मारली.

"साहेब, चूक माझीच. न वाचता सही केली. चष्मा नव्हता जवळ."

"चष्म्याच्या दुकानात?"

"पुसायला काढले होते. सगळे."

मुलगी उठली. "साहेब, मी दोन प्रश्न विचारू?" ती बापाकडे वळली. "तुमचा चष्म्याचा नंबर किती आहे हो?"

घरी 'अरे बाबा' करणारी पोर 'तुमचा' म्हणतेय म्हटल्यावर चष्मेवाल्यांनी वळून मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"नंबर? छे! या वयातही बारीकातलं बारीक बिनचष्म्याचं वाचतो मी!" ते छाती काढून म्हणाले.

"मग सही करताना चष्मा कशाला हवा होता?"

चष्मेवाल्यांनी रुमाल काढला.

"बरं. फी आधी सांगितली होती का?"

"होती की! अगदी स्पष्ट."

"किती?"

"योग्य ती."

"योग्य ती म्हणजे किती? आकडा, बाबा!"

चष्मेवाल्यांनी छताच्या पंख्यावर आकडा शोधला. सापडला नाही.

"सांगितलाच नव्हता, साहेब," मुलगी म्हणाली. "मीच विसरले. खोलीही मीच गाळली. बाबा मला वाचवायला खोटं बोलतोय. तक्रार खरी आहे."

चष्मेवाल्यांना वाटलं, संपलं. गेली नोकरी.

"तक्रार मान्य," साहेब म्हणाले. "फी माफ. घरमालकाशी आम्ही बोलतो, खोली करारात घालून देतो." मग ते मुलीकडे वळले. "उलटतपासणी घ्यायला कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. घरी बाबा रोज थापा मारतो."

साहेबांना हसू आवरेना. "सोमवारपासून माझ्याबरोबर कोर्टात यायचं. आणि पुढच्या वेळी आकडा आधी सांगायचा."

बाहेर बाकावर तीन-चार अनोळखी पक्षकार ताटकळले होते. चष्मेवाले त्यांच्यासमोर ताठ उभे राहिले.

"आत आहे ना, ती माझी मुलगी," ते डोळे पुसत म्हणाले. "आत्ता साहेबांसमोर पार खोटं पाडलं तिनं मला!"