करंगळीतला नंबर

"पण दुखत नाही का हो त्याला?" पिशवीतल्या कुरवाकडे बघत काकूंनी विचारलं आणि काकांचा पारा चढला.

पंचवीस वर्षं काका किनाऱ्यावरच्या कुरव पक्ष्यांच्या पायात नंबराची कडी घालत होते. कोण कुठवर उडतो, कुठे अंडी घालतो, सगळं त्या नंबरावरून कळतं. आणि घरातलंच माणूस असं विचारतं म्हणजे काय? "हे बघ," म्हणत त्यांनी पुढचं कडं स्वतःच्याच करंगळीत घातलं आणि पक्कड दाबली. कट्.

दुखलं नाही, हे खरं. पण कडं निघेना. साबण झाला, तेल झालं, करंगळी टोमॅटोसारखी फुगली.

"लग्नातली अंगठी दोनदा हरवलीत," काकू म्हणाल्या. "ही बरी चिकटून बसली."

"कापलं की नंबर वाया. एक कडं आधीच पाण्यात पडलंय. आता हिशेबात आणखी एक नंबर कमी आला, तर खात्यातले साहेब परवानाच काढून घेतील."

परवाना गेला की कुरव गेले, आणि कुरव गेले की हे दिवसभर घरात. काकूंनी घाईघाईने तोडगा काढला.

"मग लिहा की कुठल्यातरी पक्ष्याच्या नावावर."

"आजवर एक खोटा आकडा लिहिला नाही मी."

म्हणून काकांनी नेहमीचाच फॉर्म घेतला आणि खरं ते लिहिलं. जात: माणूस, नर. वय: प्रौढ. पिल्लं: दोन, उडून गेली. चोच?

"लांब लिहा," काकू म्हणाल्या.

वजनाच्या रकान्यात काकांनी बहात्तर हजार ग्रॅम लिहिलं. काकूंनी नुसतं बघितलं. काकांनी खोडून पंच्याऐंशी हजार केलं.

फॉर्म पाठवल्यावर आठ दिवस काकांना जेवण गेलं नाही. नवव्या दिवशी साहेबांचं पत्र आलं.

'फॉर्म ग्राह्य. मात्र घरट्याच्या कामात नराचा वाटा किती, हा रकाना रिकामा आहे. निरीक्षकाने आठवडाभर प्रत्यक्ष पाहून भरावा. त्यानंतरच परवाना कायम होईल.'

काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पेन घ्यायला हात पुढे केला. पेन काकूंच्या हातात होतं.

"कुरव कधी स्वतःचं निरीक्षण करतो का हो?" त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि घड्याळात बघितलं. "हं. सोमवार, सकाळचे नऊ."

काका उठले आणि भांडी घासायला लागले.