भिंगरीचं फाटक

खालच्या कारखान्यातून करवतीचा आवाज यायला हवा होता, तो काही येईना. वर जिन्याच्या तोंडाशी ती पाय आडवा टाकून बसली होती, आणि त्या पायावर पोट टेकून तिची लेक भिंगरी खालच्या पायऱ्यांकडे बघत होती, जणू तिकडे कुणी तिची वाट बघत खोळंबलंय.

"काय झालं रे?" तिनं वरूनच विचारलं.

"काही नाही. झालंच समज," नवरा खालून म्हणाला.

'झालंच समज' हे नवऱ्याचं लाडकं वाक्य. तो सुतार होता, हाताला सफाई असलेला सुतार, आणि कारखाना घराच्याच खाली. अर्ध्या वस्तीची दारं-खिडक्या त्याच्या हातची. मागच्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या कुत्र्यालासुद्धा त्यानं फाटक करून दिलं होतं, कडीसकट. स्वतःच्या लेकीच्या जिन्याचं फाटक मात्र ती रांगायला लागली तेव्हापासून 'झालंच' होतं. आता ती उभी राहून पाऊल टाकायला लागली, तरी ते झालेलंच होतं.

शेवटी बायकोनंच कागदावर आकृती काढली. दोन गजांत किती अंतर ठेवलं म्हणजे पोरीचं डोकं अडकणार नाही, तेही कुठेकुठे वाचून लिहून दिलं. काल नवऱ्यानं तिच्यासमोर सागाच्या पट्ट्या निवडून भिंतीला टेकवल्या, तेव्हा तिनं प्रत्येक पट्टीवर पेन्सिलनं 'फाटक' असं लिहिलं. तो हसला होता. "अगं, मी काय विसरतोय होय?"

"वीज आहे ना?" आता तिनं विचारलं.

"टेस्टर पेटतोय. हिरवं बटण दाबलं की नुसतं खट वाजतं. मोटार ढिम्म."

"स्विचमध्ये भुसा गेला असेल."

"नवा कोरा स्विच आहे. तुझ्याच हट्टापायी बसवलाय."

हट्ट होता खरा. एकदा वीज गेली असताना नवरा मशीनचं बटण तसंच ठेवून बाहेर गेला, आणि वीज आल्यावर टेबलातली ती गोल करवत आपली आपणच गरगरायला लागली. ती भिंगरीला कडेवर घेऊन शेजारीच उभी होती. त्यानंतर तिनं घरात कुणाला घास गोड लागू दिला नाही, तेव्हा कुठे हा स्विच आला. वीज गेली की हा आपोआप पडायचा आणि पुन्हा बटण दाबल्याशिवाय मशीन सुरू करायचा नाही. त्याला एक पिवळी किल्लीही होती. ती काढून घेतली की बटण दाबत बसा.

"मग उघडून बघ ना तो."

"सील आहे त्याला. फोडलं की वॉरंटी गेली. आधी मोटार बघतो."

मोटार सासऱ्यांच्या उमेदीतली. तिची वॉरंटी केव्हाच स्वर्गवासी झाल्यामुळे तिला उघडायला घरातले सगळे मोकळे होते.

तेवढ्यात दीर मोबाइलवर व्हिडिओ बघतबघतच आला. मान वर न करता त्यानं वर हाक मारली, "वहिनी, टेन्शन नाही घ्यायचं. कपॅसिटर गेलाय. शंभर टक्के."

"भाऊजी, आधी स्विच..."

"अहो, हा व्हिडिओतला माणूस बघा. त्याचीपण डिट्टो हीच कंप्लेंट."

व्हिडिओतल्या माणसाच्या घरी जिना असेल का, आणि जिन्याला फाटक असेल का, असं तिच्या मनात आलं. पण भिंगरी पायावरून घसरून पहिल्या पायरीला हात लावत होती, तिला मागे ओढण्यात ते राहून गेलं.

दिरानं शहाणपणा एवढा केला, की मोटारीच्या वायरी सोडायच्या आधी त्यांचा फोटो काढून ठेवला. मग सगळ्या वायरी सोडल्या. मग व्हिडिओतल्या माणसाप्रमाणे कपॅसिटरच्या दोन टोकांवर पेचकस टेकवला. तडाक्कन ठिणगी उडाली, दीर मागे उडाला आणि त्याच्या हातातला मोबाइल सरसाच्या उघड्या डब्यात पडला. पडला म्हणजे हळूहळू, सन्मानानं बुडाला.

"कुठली वायर कुठे होती?" नवऱ्यानं विचारलं.

"फोटो काढलाय ना."

"कुठाय फोटो?"

दिरानं डब्याकडे बघितलं.

या आवाजानं सासरे दुपारच्या झोपेतून उठून खाली आले. नोकरीभर मोटारींचं वाइंडिंग केलेला माणूस. त्यांनी चष्मा पुसला, दोन्ही मुलांकडे बघितलं आणि म्हणाले, "व्हा बाजूला. पदव्या नाहीत आपल्याकडे, पण वायर कळते."

पदवी घरात एकट्या सुनेकडे होती. बोलणं कुठे पोचवायचंय ते सासऱ्यांना नेमकं माहीत असायचं.

"वायरीचा रंग म्हणजे वायरीचं आडनाव," सासरे म्हणाले. "हिरवी म्हणजे अर्थिंग. यात विचारायचंय काय?"

विचारायला हवं होतं. नवऱ्याला उरलेल्या वस्तू टाकवत नसत. मशीनची वायरिंग त्यानं एका गिऱ्हाइकाकडच्या उरलेल्या वायरीनं केली होती आणि उरली होती फक्त हिरवी. म्हणून प्लगमधून येणारा जिवंत प्रवाह गेली कित्येक वर्षं हिरव्या वायरीतून सुखानं वाहत होता. नवऱ्याला हे ठाऊक होतं. तो तिथेच भावाचा मोबाइल चिंधीनं पुसत उभाही होता. पण बाबा काम करत असताना तोंड उघडायची या घरात पद्धत नव्हती, आणि काम करताना कुणाला काही विचारायची बाबांना पद्धत नव्हती.

मशीनच्या लोखंडी पायाला अर्थिंगची पट्टी बोल्टनं जोडलेली होती. सासऱ्यांनी हिरवी वायर त्याच बोल्टखाली छान आवळली.

वर भिंगरी एकदाची झोपली. तिला गादीवर टाकून, पंखा लावून, बायको आखडलेल्या पायानं खाली उतरली. तिला एवढंच विचारायचं होतं, की मशीनचं राहू दे, त्या पट्ट्या हातकरवतीनं कापता येतील का. "ऐक ना," एवढं ती म्हणाली, आणि सासऱ्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं.

धाड! प्लगमधून निळा जाळ निघाला, जळका वास पसरला आणि मेन स्विच पडून घरभरची वीज गेली.

"हिरवी कुणी लावली तिथे?" नवरा ओरडला.

"हिरवी तिथेच लावतात!" सासरे त्याच्यावर ओरडले. "त्यात करंट सोडणारा गाढव कोण?"

"बाबा, वायर उरली होती!"

"उद्या विष उरलं तर पिशील?"

तिघांचे हातपाय शाबूत आहेत का ते ती बघत होती, आणि तेवढ्यात वरून एक आनंदी आवाज आला. "आ-बा!"

पंखा बंद पडला होता. उकाड्यानं भिंगरी उठली होती. ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती, एक हात भिंतीला, आणि एक पाऊल पुढे हवेत, खालची पायरी चाचपडत.

मधल्या पायऱ्या आपण कशा चढलो, ते तिला नंतर काही केल्या आठवेना. पोर छातीशी आल्यावरच तिच्या घशातून आवाज फुटला, आणि तोही रडण्याचा.

"पडली का?" खालून नवऱ्यानं विचारलं.

"नाही."

"मग झालं तर! उगाच घाबरवतेस," तो म्हणाला, आणि सुटका झाल्यासारखा पुन्हा वायरींकडे वळला. तिनं डोळे पुसले आणि पुन्हा पाय आडवा टाकला. या पायाला एव्हाना बिजागऱ्या फुटायला हव्या होत्या.

पुढचं सगळं तिनं वरून ऐकलं. हिरवी वायर बोल्टखालून निघाली, मेन स्विच पुन्हा वर झाला, आणि सासऱ्यांनी स्विच वगळून मोटारीला थेट वीज दिली. मोटार फिरली, पण उलटी, आणि दिराच्या अंगभर भुसा फेकला. मग मोटारीच्या दोन वायरींची अदलाबदल झाली. मोटार सुलटी फिरली. जल्लोष झाला. स्विच पुन्हा मध्ये जोडला. हिरवं बटण दाबलं. खट. मोटार ढिम्म.

मग सील फोडल्याचा आवाज आला, मग टेबलावर काहीतरी ठोकल्याचा.

"भुसा!" सासरे गरजले. "हे बघा, मूठभर भुसा आहे आत. बटणाचं तोंडच मिटत नव्हतं. याला म्हणतात अनुभव!"

"मानलं बाबा," दीर म्हणाला.

"वॉरंटीचं राहू दे हो," नवरा म्हणाला. "दाबा बटण."

आणि करवत गर्जायला लागली. सकाळपासून तिनं ज्या आवाजासाठी कान टवकारले होते, तो शेवटी आला. लाकडात शिरतानाचा तो किंचाळता आवाज तिला पहिल्यांदाच गोड वाटला. "लोण्यासारखी जातेय रे!" असं दीर म्हणाला. "सरक, मला कापू दे एक," असं सासरे म्हणाले. एक काप, दुसरा काप, कितीतरी काप. भिंगरीला कडेवर घेऊन ती हसतच खाली उतरली.

तिघंही भुशानं पिवळे झाले होते आणि परीक्षा पास झालेल्या पोरांसारखे दिसत होते. भिंत मोकळी होती. मशीनच्या पायाशी सागाच्या बोटभर ठोकळ्यांचा ढीग होता. वरच्याच ठोकळ्यावर पेन्सिलनं 'फा' लिहिलेलं होतं.

तिची नजर कुठे गेली ते नवऱ्यानं बघितलं. मग त्यानंही तिकडे बघितलं.

"ट्रायल घेत होतो गं," तो ओशाळून म्हणाला. "समोर त्याच होत्या."

सासऱ्यांना एकदम चहाची आठवण झाली. दिराला मोबाइलची.

"खेळायला होतील की तिला," नवरा म्हणाला. "आणि उद्या आणतो ना नव्या पट्ट्या. झालंच सम..."

वाक्य पुरं करायला त्याला जागा मिळाली नाही, कारण भिंगरी त्याच्या हातात आली होती. बायकोनं लाल बटण दाबलं. करवत थांबली. मग तिनं स्विचची पिवळी किल्ली उपसली आणि मुठीत धरली.

"वर जा," ती म्हणाली. "जिन्याच्या तोंडाशी बस. पाय आडवा."

"अगं, पण काम..."

"आडवा म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."

तो गेला. सासरे आणि दीरही त्याच्या मागोमाग आपापल्या कामाला निघून गेले. कारखान्यात ती एकटी उरली. तिनं लाकडाच्या ओंडक्यावर बसून दोन्ही पाय लांब सोडले आणि नवऱ्याचा टेबलावर निवून पडलेला चहा पुढे ओढला.

वरून धडपड ऐकू आली, खिदळणं ऐकू आलं, मग नवऱ्याचा घाबरा आवाज.

"अगं ए! ही अंगावरून चढून पलीकडे जातेय! माझ्या पायाला मुंग्या आल्यात. अजून किती वेळ बसायचं?"

तिनं किल्ली पदराच्या टोकाला बांधली आणि चहाचा घोट घेतला.

"झालंच समज," ती म्हणाली.