साहेब झोपलेत

एकटीने क्रूझवर जाणं ही काही फार मोठी गोष्ट नाही, हे आधीच सांगून टाकते. जिने दोन वर्षांची मुलगी काखेत, एक डोळा उतू जाणाऱ्या दुधावर आणि फोन मान-खांद्यात दाबून कुरियरवाल्याशी हुज्जत घातली आहे, त्या बाईला जहाज काय घाबरवणार?

आणि मला समुद्र बघायचा नव्हताच. सूर्यास्त, पोहण्याचा तलाव, रात्रीची गाणीबजावणी, काही नको. मला झोपायचं होतं. छकुली झाल्यापासून मी झोप अशी घेतलेलीच नाही. अर्धं शटर ओढून दुकान चालू ठेवतात ना, तशी मी डोळे मिटते. कुणी कूस बदलली तरी गिऱ्हाईक आलं!

म्हणून दोन दिवसांची क्रूझ. बेत दोघांचा होता. छकुली पलीकडच्या गल्लीत माझ्या आईकडे, आणि आम्ही दोघं जहाजावर. जहाजवाल्यांनी कार्डं घरपोच पाठवली होती. तेच तिकीट आणि तीच केबिनची किल्ली. घरच्या पलंगावरच्या कॅमेऱ्यातून छकुली झोपली का ते मी फोनवर दिवसातून पन्नास वेळा बघते, तोही सवयीने दोन दिवस उघडायचा नाही, अशी शपथ मी आईसमोर घेतली होती. आई फक्त हसली होती.

निघायच्या दिवशी सकाळी छकुलीला आईकडे सोडून आले, तर नवरा चहाच्या कपात बघत बसलेला. लग्नाला पाच वर्षं झाली की बाईला कळतं, माणूस कपात बघतो तेव्हा कपात काही नसतं.

"अगं, रजा रद्द झाली," तो म्हणाला. "साहेबांनी महत्त्वाची मीटिंग ठेवली आहे. पण तू जा ना. खरंच जा. तुला विश्रांतीची फार गरज आहे."

त्याचं ते 'खरंच जा' मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात जाळ झाला होता, आणि जाळ झाला की धुरात दिसत नाही. मी त्याचे कपडे बॅगेतून उपसून पलंगावर फेकले. दाढीचं सामान फेकलं. त्याने नवीन घेतलेली फुलाफुलांची चड्डी तर अशी फेकली की ती पंख्यावर जाऊन बसली. कागदपत्रांची पाउच तेवढी जशीच्या तशी राहिली.

बंदरावर रांग होती. आमच्या घरात कुठेही जायचं तर सगळ्यांची तिकिटं माझ्या हातात. नवऱ्याकडे दिली की ती खिशातून थेट धुलाईच्या मशीनमध्ये जातात. त्यामुळे फाटकाशी पोचल्यावर हात आपोआप चालला. पाउचमधून दोन्ही कार्डं काढली, मशीनवर टेकवली. टिंग. टिंग. फाटकावरचा माणूस पुढे अडकलेली कुणाची तरी बाबागाडी सोडवत होता, त्याने वर पाहिलंही नाही. मी मागे न बघता सवयीने म्हणाले, "चल लवकर."

"येतेय गं बाई, उडू का आता?" मागून आवाज आला. मागे काठी टेकत एक आजी उभ्या होत्या.

मी ओशाळले. त्याचाही राग नवऱ्यावरच काढला, मनात.

जहाज सुटण्याआधी सगळ्यांना एका दालनात जमवून आपत्तीचा सराव घेतात. नारिंगी जॅकेट कसं घालायचं, कुठल्या होडीकडे पळायचं वगैरे. एक चुणचुणीत मुलगी हातातल्या यंत्राने प्रत्येकाचं कार्ड तपासत होती. माझं तपासून तिने माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमचे मिस्टर?"

"ते येणार नाहीत," मी म्हणाले. दात आवळलेले होते.

सगळ्यांना यावंच लागतं, असं तिने समजावलं. कारण काय, विचारलं. मी म्हटलं, त्यांना फार महत्त्वाचं काम आहे म्हणे. ती म्हणाली, पण मॅडम, ते आल्याशिवाय जहाज सुटणार नाही.

बिचारी माझी समजूत घालतेय, असं मला वाटलं. "मग तुम्हीच सांगा त्यांना," मी म्हणाले. "माझं तर लग्न झाल्यापासून ऐकलेलं नाही."

तिने यंत्रात काहीतरी टिपलं. मी केबिनमध्ये गेले.

काय ती केबिन! पांढरीशुभ्र चादर, चार उशा, आणि कुणीही नाही. पायाखाली खेळणं नाही. मी अंग टाकलं, आणि लगेच उठले. कडेला उशा लावल्याशिवाय मला पलंगावर पडताच येत नाही, छकुली गडगडते ना! छकुली नव्हती, पण हातांना कोण सांगणार? दोन उशा कडेला उभ्या लावल्या, त्या घसरू नयेत म्हणून माझ्या शालीत गुंडाळल्या, वरून पांघरूण खोचलं. मग कुठे डोळा लागला.

तेवढ्यात दारावर टकटक.

मी दार उघडलं आणि काही विचारायच्या आत माझं बोट ओठांवर गेलं. "शूऽऽ!" दोन वर्षांत हे बोट माझं राहिलेलंच नाही, दार वाजलं की ते स्वतःहून वर जातं. केबिन आवरणाऱ्या माणसाने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, पलंगावरचा पांघरुणातला लांबोडका आकार पाहिला, आणि आवाज एकदम खाली आणला. म्हणाला, "साहेब झोपलेत का?"

मी झोपेत होते. कुठले साहेब, कोण साहेब, काही न कळून मी मान डोलावली आणि दार लावलं. माणसाला झोपेतून उठवून प्रश्न विचारूच नयेत.

थोड्या वेळाने ध्वनिक्षेपक खरखरला. एक गृहस्थ सरावाला न येता केबिनमध्ये झोपून राहिल्यामुळे जहाज सुटायला उशीर होत आहे, क्षमस्व.

झालं! माझी उरलीसुरली झोप उडाली. हे पुरुष! इथून तिथून सारखे! शेकडो माणसं खोळंबली आहेत, आणि हा आपला घोरतोय! मी तरातरा बाहेर आले. मार्गिकेत बरीच मंडळी जमून तणतणत होती. काठीवाल्या आजी शेजारच्याच केबिनमध्ये होत्या. त्यांना मी म्हटलं, अशा माणसाला उशीसकट खाली उतरवलं पाहिजे. आजींना ते फार पटलं. त्यांनी काठी उंचावली. मागे दहा-पंधरा माणसं आली. माझा सकाळपासूनचा राग नुसता वाया चालला होता, त्याला आता काम मिळालं. सुरक्षेचा अधिकारी जिन्याने वर येताना दिसला तशी मी त्याला गाठलं आणि म्हणाले, "त्या माणसाचं दार दाखवा. मी उठवते त्याला. मला चांगलं जमतं."

तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघत पुढे निघाला. आम्ही मागे. आणि तो थांबला तो माझ्याच दारासमोर.

"उघडा मॅडम," तो म्हणाला.

मी म्हणाले, ही माझी केबिन आहे. तो म्हणाला, हो. मी म्हणाले, इथे कुणी नाही. तो म्हणाला, आमचा माणूस बघून गेलाय. दार उघडलं. सगळा मोर्चा आत डोकावला. अधिकाऱ्याने घसा साफ केला, "सर, सर" करत पांघरूण खांद्याच्या जागी हलवलं, आणि शालीतल्या दोन उशा त्याच्या पायाशी पडल्या.

अधिकाऱ्याने उशा उचलून उलटसुलट पाहिल्या.

"साहेब कुठे आहेत?" त्याने विचारलं. आता आवाज वेगळा होता.

"ऑफिसात!" मी ओरडले. "मीटिंगमध्ये!"

मला कॅप्टनच्या खोलीत नेलं. मागोमाग आजी. "मी हिच्याबरोबर आहे," असं त्या दारातल्या माणसाला सांगून मोकळ्या झाल्या. कॅप्टन शांत होते, डॉक्टर वाईट बातमी देण्याआधी असतात तसे. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. दोन कार्डं, एकापाठोपाठ एक, जहाजात आलेली. फाटकावरची ती टिंग-टिंग मला आत्ता ऐकू आली.

मी सवयीचं सगळं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, आणि पुरुषाला ते पटणारही नाही. त्यांनी नवऱ्याला फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा. नवऱ्याने उचलला. मी म्हटलं, "कुठे आहेस ते सांग यांना." तो अतिशय दबक्या आवाजात म्हणाला, "मीटिंगमध्ये आहे गं, नंतर बोलतो," आणि ठेवला. परत लावला तर बंद.

"ऐकलंत?" मी विजयाने म्हणाले.

कॅप्टनना खात्री हवी होती. मी त्याच्या ऑफिसचा नंबर दिला. पलीकडच्या मुलीने उत्साहाने सांगितलं की साहेब तर दोन दिवस रजेवर आहेत, बायकोला घेऊन क्रूझवर गेलेत, जहाजाचे फोटोसुद्धा दाखवून गेलेत सगळ्यांना.

म्हणजे माणूस ऑफिसात नाही. कार्ड म्हणतं जहाजात आहे. पलंगात उशा आहेत. आणि बायको सकाळपासून चिडलेली आहे, हे तर शंभर जणांनी पाहिलेलं. सुरक्षेचा अधिकारी हळूच माझ्या आणि खिडकीच्या मध्ये येऊन उभा राहिला. आजींनी माझ्या हातावर हात ठेवला.

"खरं सांग बाळ," त्या कुजबुजल्या. "ढकललंस का? मी नाही कुणाला सांगणार. मला कळतं गं."

कॅप्टन म्हणाले, नाइलाज आहे, पोलिसांना बोलवावं लागेल, आणि तुम्हाला तरी उतरावंच लागेल. माझ्या डोळ्यांसमोर ती पांढरीशुभ्र चादर आली. दोन वर्षांतून मिळालेल्या दोन रात्री! आणि त्याच क्षणी मला आठवलं ते सकाळचं, कपात बघून म्हटलेलं 'खरंच जा'.

मी शपथ मोडली. फोन काढला. कॅमेरा उघडला.

पडद्यावर आमची झोपायची खोली. भरदुपारी पडदे ओढलेले. पंखा फुल्ल, त्यावर फुलाफुलांची चड्डी गरगर फिरतेय. आणि खाली, पलंगभर हातपाय पसरून, छकुलीचा कापडी हत्ती पोटाशी घेऊन, तोंड उघडं टाकून मीटिंग चालू होती.

कॅप्टन वाकले. अधिकारी वाकला. आजींनी चष्मा लावला.

"हाच?" कॅप्टननी विचारलं.

"हाच," मी म्हणाले. त्या कॅमेऱ्यात बोलायचीही सोय आहे, छकुलीला अंगाई ऐकवायला म्हणून घेतली होती. मी बटण दाबलं आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाले, "अहो साहेब, मीटिंग संपली का?"

तो हत्तीसकट पलंगाखाली पडला. त्या बाजूला उशा नव्हत्या.

जहाज सुटलं. आजींनी रात्रीच्या जेवणापर्यंत ही गोष्ट सगळ्या मजल्यांवर पोचवली होती. वेटर माझ्या टेबलावर दोन ताटं मांडायचे आणि गालातल्या गालात हसायचे. मी दोन्ही गोड पदार्थ खायचे. रागाने भूक लागते.

परतलो तेव्हा नवरा छकुलीला कडेवर घेऊन फाटकाबाहेर उभा होता. जहाजातून उतरणारं प्रत्येक माणूस त्याच्याकडे बोट दाखवत होतं. आजी काठी टेकत थेट त्याच्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "काय जावईबापू, झोप झाली का?"

"कसली झोप हो," तो म्हणाला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. "दोन्ही रात्री सारखं वाटत होतं, कॅमेऱ्यातून कुणीतरी बघतंय."

मी छकुलीला घेतलं आणि म्हणाले, काहीतरीच! जहाजावर मला असले उद्योग करायला वेळ कुठे होता? मी तर नुसती झोपले होते.

आता तुम्हाला म्हणून सांगते. बघत होते. दोन्ही रात्री, उजाडेपर्यंत. त्याचा डोळा लागला रे लागला की बटण दाबून हळूच खोकायचे.