बहिरा धावपटू निवडण्याची रीत

ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी ओरडून बोलावे, हा सुसंस्कृत समाजाचा पहिला नियम आहे. त्याला ते ऐकू जात नाही ही गोष्ट वेगळी. पण चार गल्ल्यांपलीकडच्या माणसांना आपली कळकळ ऐकू जाते, आणि समाजसेवेला तेवढे पुरते.

एकसष्ट साली खांडबाऱ्यात या नियमाची अंमलबजावणी मोठ्या थाटात झाली. युरोपातल्या कुठल्याशा थंड देशात बहिऱ्यांचे जागतिक क्रीडासामने भरणार होते. धावणे, पोहणे, कुस्ती, सगळे काही, आणि खेळणारे झाडून बहिरे. आपल्या भागातूनही एक धावपटू जावा म्हणून एक समिती स्थापन झाली. सभासद सारे शाबूत कानांचे (सभेतले ठराव कोणीतरी ऐकायला नकोत?). अध्यक्ष बन्सीलालभाऊ, तापीकाठचे केळीचे बागाईतदार. बहिऱ्यांशी त्यांचा संबंध एवढाच की त्यांच्याकडे जीप होती आणि विमानात बसायचे राहून गेले होते. धावपटूबरोबर एक व्यवस्थापक जाणार हे कळताच त्यांनी गरम कोट शिवायला टाकला. आधी कोट, मग धावपटू. नियोजन म्हणतात ते हेच.

बहिऱ्यांना बोलावण्यासाठी दवंडी पिटली. कोतवालाने भर बाजारात ढोल बडवून "समस्त बहिऱ्या लोकांनी ऐकावं हो" असे घसा फुटेस्तोवर सांगितले. एकही बहिरा आला नाही. त्यावरून आपल्या भागाचे आरोग्य उत्तम असल्याचे समितीने एकमताने ठरवले.

ऐकू येणारे मात्र पुष्कळ आले. परदेशाची फेरी फुकट, मग कान जड व्हायला काय वेळ लागतो. "तुम्ही सगळे बहिरे आहात का?" असे बन्सीलालभाऊंनी विचारले, तेव्हा सगळे एका सुरात "हो" म्हणाले.

या गर्दीत सुगंधाबाई होती. रेल्वेफाटकाजवळच्या वस्तीत राहणारी, दोन म्हशींची मालकीण. तिचा धाकटा भाऊ जन्माचा बहिरा. तो रोज सकाळी दुधाचा डबा खांद्यावर घेऊन फाटकाशी उभा राही. गाडी आली की फाटकवाला तिला हिरवी झेंडी दाखवी. झेंडी गाडीची, पण हा ती आपलीच समजे. झेंडी दिसली की हा सुटे, आणि गाडीच्या आधी खांडबाऱ्याच्या फलाटावर हजर. (गाडी पॅसेंजर होती हे कबूल. पण तिच्या खांद्यावर दूध नव्हते.)

सुगंधाबाईने दवंडी ऐकली, भावाला धुतलेला सदरा घातला आणि हाताला धरून मैदानात आणले.

"याला दवंडी ऐकू आली?" बन्सीलालभाऊंनी विचारले.

"त्याले कशी ऐकू येई, भाऊ? मी ऐकी."

"मग नियमानं उमेदवार तुम्ही झालात."

"मी म्हशीमांगे पयस तितलंच बस शे. हाऊ मन्हा भाऊ भिला. याले नुसती हिरवी झेंडी दखाडा, मंग दखा कसा सुटस ते."

"यात तुमचा काय फायदा, बाई?" एका सभासदाने विचारले. फायद्यावाचून कोणी मैदानात येते हे समितीला पटणे कठीण होते.

सुगंधाबाईने पदर सावरला. "गावमा समदा त्याले बयरा म्हनतस. ए बयरा आठे ये, ए बयरा तठे जाय. हाऊ सामना जिंका ना, ते लोकं एकदाव तरी त्यान्हं नाव लेतीन."

"पण बाई, नाव घेतलं तरी त्याला ऐकू येणार नाही."

"माले येस ना."

मग चहा आला.

शर्यत सुरू करण्यासाठी बन्सीलालभाऊंनी बागेतली डुकरे हाकलायची ठासणीची बंदूक आणली होती. सुगंधाबाई पुन्हा पुढे झाली. "भाऊ, बार कसाले? झेंडी दखाडा ना." समितीने तिला समजावले, की झेंडी हे रेल्वेखाते, क्रीडा हे वेगळे खाते, आणि एका खात्याने दुसऱ्या खात्याचे कापड हलवले की राज्यकारभार कोलमडतो. शिवाय बंदूक ठासून झाली होती.

बार झाला. कडुनिंबावरचे सगळे कावळे उडाले. उमेदवारही सगळे उडाले. रेषेवर एकटा सुगंधाबाईचा भाऊ उभा. तो मान वळवून फाटकाच्या दिशेला बघत होता.

समितीने तिथल्या तिथे निकाल दिला. त्यातला तर्क इतका चोख होता की मोठ्या कोर्टालाही हेवा वाटावा. जे बार ऐकून धावले त्यांना ऐकू येते, सबब ते बाद. ज्याला बार ऐकू आला नाही तो धावलाच नाही, सबब तोही बाद. या पद्धतीने जगातला कोणताही माणूस निवडला जाणे अशक्य होते. इतकी निःपक्षपाती निवड खानदेशात यापूर्वी झाल्याचे ऐकिवात नाही.

सुगंधाबाई त्या दिवशी हिरवे लुगडे नेसली होती. तिने पदर खांद्यावरून काढला आणि हात उंच करून एकदा हलवला.

भाऊ सुटला. आधी सुटलेल्यांना त्याने वाटेतच मागे टाकले. शेवटी बांधलेली सुतळी छातीवर घेऊन तो तसाच पुढे गेला. शिपायाने शिट्टी वाजवली, बन्सीलालभाऊ "थांब, थांब" म्हणून ओरडले, मग समितीचे सगळे सभासद मिळून ओरडले. भाऊ भजीवाल्याला ओलांडून, बाजार ओलांडून थेट स्टेशनवर गेला, कारण त्याच्या हिशेबी शर्यत फलाटावरच संपते. स्टेशनमास्तरने त्याला बघितले आणि आपली गाडी चुकली की काय म्हणून घड्याळ कानाला लावले.

"दखा," सुगंधाबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण बोलणे तिखट होते. "मी काय सांगं व्हतं?"

समितीने पुन्हा विचार केला. उमेदवार वेगवान आहे याबद्दल दुमत नव्हते. परंतु तो बार झाल्यावर उशिरा सुटला, एका बाईच्या इशाऱ्यावर सुटला, आणि समितीने एकमुखाने थांबायला सांगितले असता थांबला नाही. असा आडमुठा माणूस परदेशी नेला तर देशाची काय शोभा राहील? (वेळ कोणीच नोंदली नव्हती. घड्याळवाला चहाचे कप मोजत होता.)

जागा रिकामी ठेवणे हा मात्र अपव्यय झाला असता. कोटही शिवून तयार होता. तेव्हा बन्सीलालभाऊंचा भाचा रूपचंद याला तपासण्यात आले. त्याने लहानपणापासून बापाचे ऐकले नव्हते, शाळेत मास्तरांचे ऐकले नव्हते, आणि कॉलेजात तर तो ऐकायला गेलाच नव्हता. एवढा भक्कम पुरावा पाहून डॉक्टरांनी बहिरेपणाचा दाखला लगेच दिला.

मामाभाचे विमानाने गेले.

तिथे काय झाले ते रूपचंदनेच पुढे पानाच्या ठेल्यावर सांगितले. तो रेषेवर वाकून उभा राहिला, बार ऐकायला कान टवकारले. कोण्या गोऱ्या माणसाने एक झेंडी खाली केली. आजूबाजूचे सगळे बहिरे सुटले. रूपचंद बाराची वाट बघत राहिला. शर्यत संपली, पाहणारे उठून गेले, मैदान झाडायला माणसे आली, तरी बार काही झाला नाही.

"सगळे धावले, मग तू का नाही धावलास?" ठेल्यावर कोणीतरी विचारले.

"बार नाही तर कसं धावणार? नियम म्हणजे नियम."

समितीने अहवालात लिहिले, की आपला खेळाडू अखेरपर्यंत जागचा हलला नाही, यावरून त्याच्या बहिरेपणाबद्दलच्या सर्व शंका दूर झाल्या आहेत.

खांडबाऱ्यात सत्कार झाला. कमान उभारली, ढोल आणले. रूपचंदच्या गळ्यात इतके हार पडले की त्याला खरेच ऐकू येईना. भाषणात बन्सीलालभाऊंचे मन मोठे झाले. ते म्हणाले, "याच मातीतला आणखी एक गुणी धावपटू आज इथं आठवतो. तो आपला... दूधवाला... बहिरा." त्यांनी मांडवात बसलेल्या सुगंधाबाईकडे पाहिले. "बाई, काय हो त्याचं नाव?"

सुगंधाबाई उठली. "मी पहिलेच सांगेल शे," एवढेच म्हणाली आणि चालू लागली.

तेवढ्यात तिकडे फाटकावर झेंडी हलली असावी, कारण तिचा भाऊ डबा घेऊन कमानीखालून सुसाट आला. "ए बहिऱ्या, बाजूला हो," सगळा मांडव ओरडला. तो बाजूला झाला नाही. मांडव आणखी मोठ्याने ओरडला.

वाचकहो, तुम्ही त्या मांडवात नव्हता. तुम्ही सुशिक्षित, जाणते, कान शाबूत असलेले, आणि या समितीला मनापासून हसलेले. सुगंधाबाईने भावाचे नाव तुमच्यासमोरच सांगितले होते. डोळे वर न नेता सांगा बरे ते काय.

आठवत नसेल तर मनाला लावून घेऊ नका. समितीत एक जागा रिकामी आहे.