मारुतराव आधी दारं बघतात

गाण्याच्या मैफलीला गेलेला माणूस आधी काय बघतो? कोणी आपली खुर्ची बघतो, कोणी ओळखीचं कोण आलंय ते. आमचे शेजारी मारुतराव आधी दारं बघतात. सभागृहातलं एकेक दार ढकलून बघतात. बाहेरून कडी घातलेली नाही ना, पलीकडे जिना आहे का, असला तर पायऱ्या किती. मग जागेवर येऊन बायकोच्या कानाशी लागतात, "डावीकडचं दुसरं दार. पडदा सारायचा नि सुटायचं." कमलवहिनी मान डोलावतात आणि तानपुरे जुळवणाऱ्यांकडे बघत राहतात.

मोशीला आमची दारं समोरासमोर नसली तरी शेजारी-शेजारी आहेत, मधे एक भिंत. मारुतरावांनी चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं पत्रे दाबायच्या प्रेसवर काढली. आईबापांनी नाव मारुतीचं ठेवलं, काळीज मात्र सशाचं निघालं. मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून त्यांच्या लेखी मी 'सर'. आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचं पहिलं मत ठरलेलं, "धोका हाय, सर."

असा माणूस महिन्यातून एकदा बायकोला घेऊन पुण्याला जातो. सकाळी नाहीतर संध्याकाळी एखादं गाणं आणि जोडून कोथरूडला लेकीकडे जेवण. तयारी आदल्या दिवसापासून. पिशवीत टॉर्च, सुतळीचं बंडल, ओला रुमाल, प्रत्येकाच्या खिशात घरचा पत्ता. वहिनींच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली एक पितळी शिट्टी. चुकामूक झाली तर तीनदा फुंकायची.

"मंगळसूत्राशेजारी शिट्टी," वहिनी मला म्हणाल्या होत्या, "लग्न लागताना हे कोणी सांगितलं नव्हतं."

बसमध्ये ते दाराजवळ बसतात, पण दाराला टेकत नाहीत. मेट्रोवर त्यांचा राग आहे. "दार आपणहून लागतं राव. आत कोन, भाईर कोन, कुनाला इचारत न्हाई." रस्ता ओलांडायचा म्हणजे तर परीक्षाच. दोन्हीकडे मान फिरवत ते इतका वेळ उभे राहतात, की एकदा एक भला माणूस त्यांना आंधळे समजून हात धरून पलीकडे सोडून आला. लेकीकडे पोचल्यावर आधी गॅसचा वास घेणार, मग बाल्कनीचा गज हलवून बघणार. लिफ्टमध्ये पाय नाही. चौथा मजला, तरी जिना.

गाणं चालू झालं की मात्र गडी गप. समेवर लोकांची 'वा' जाते, त्यानंतर सावकाश यांची 'वा' येते, तीही वहिनींच्या तोंडाकडे बघून. मला वाटायचं, कंटाळत असतील बिचारे. एकदा विचारलं, "एवढी भीती वाटते तर घरीच गाणी लावा की. शहरात जाता कशाला?"

"धोका हाय," ते म्हणाले, "पन जायाचं."

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी मीही त्यांच्याबरोबर गेलो. गाणं सुरेख झालं, साडेअकराला संपलं आणि सगळी माणसं एकदम उठली. मारुतरावांनी ठरलेलं दार गाठलं. पुढे ते, मधे मी, मागे वहिनी. पायऱ्यांवर वहिनींच्या चपलेचा अंगठा तुटला. त्या वाकल्या आणि तेवढ्यात गर्दी आमच्या मधे आली.

"अहो, थांबा," त्यांनी हाक मारली. मी थांबलो. मारुतराव चालत राहिले. वहिनींनी पुन्हा हाक मारली, मग शिट्टी काढली. तीनदा फुंकली. ती अशी कर्कश, की पायऱ्यांवरची झाडून सगळी माणसं वळली, फाटकातला रखवालदार धावत आला. वळले नाहीत ते फक्त मारुतराव. सगळा रस्ता आधी डोळ्यांनी झाडून घेणारा हा माणूस गर्दीच्या रेट्याने फुटपाथवरून खाली उतरला. मागून बस येत होती. ड्रायव्हरने हॉर्नवरून हात काढला नव्हता. हॉर्न मला छातीत ऐकू येत होता, आणि हे चालत होते.

मी कसा पोचलो ते मला आजही सांगता येत नाही. मागून सदऱ्याची कॉलर धरली आणि ओढलं. आम्ही दोघेही फुटपाथवर बसलो. बस वारा घालत निघून गेली.

मारुतरावांनी बसकडे पाहिलंही नाही. ते माझ्या मागे बघत होते. "कमल कुठाय?"

"येताहेत. मागे आहेत."

"कमल कुठाय, सर?" तोंड पांढरं पडलेलं, हात माझ्या मनगटावर. उठायचं त्यांना सुचत नव्हतं. दारं, पायऱ्या, सुतळी, सगळं विसरलेलं. वहिनी तुटकी चप्पल हातात घेऊन अनवाणी आल्या तेव्हा कुठे माझं मनगट सुटलं. वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तीनदा वाजवली," एवढंच म्हणाल्या.

"गर्दी व्हती," मारुतराव म्हणाले.

रिक्षाने लेकीच्या इमारतीपाशी पोचलो. वहिनी लिफ्टने वर गेल्या. मी मारुतरावांबरोबर जिना धरला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते थांबले आणि कठड्याला धरून पायरीवर बसले.

"सर, शिट्टी ऐकूच आली न्हाई. हारन बी न्हाई."

मी त्यांच्याजवळ बसलो. ते माझ्या ओठांकडे बघत होते. ते नेहमीच असे बघतात. मी ती त्यांची अदब समजत आलो होतो.

"मशीनचा आवाज. कंपनी कानात घालाया बोळे द्यायची, पन मी घालत नसे. बोळे घातले नि मशीनचा आवाज बदललेला कळला न्हाई, तर हात जाईल, ही भीती. हात ऱ्हायले. कान गेले. आता गाण्यातला डग्गा तेवढा येतो. बाकी मानसाचं तोंड हलताना दिसतं."

"मग इतकी वर्षं मैफलीत बसता ते?"

"हिच्यासाठी. लगीन झाल्यापास्नं ही सैपाक करताना गुणगुणायची. सकाळी त्याच आवाजानं मी उठायचो. मग पोरीचं लगीन झालं, पोरगी इकडं आली, आन हिचं गुणगुणनं बंद झालं. घर पार गप. वाटलं, हिचं मन उडालं. म्हनून पोरीकडं आनतो, गाण्याला नेतो. म्हनलं, कधीतरी पुन्ना सुरू करंल."

"वहिनींना कधी विचारलं नाही?"

"भ्या वाटलं. म्हनली असती, तुमच्या घरात सुख न्हाई ऱ्हायलं. मग काय करायचं व्हतं मी?"

"मारुतराव," मी शक्य तितक्या मोठ्याने म्हणालो, "वहिनींनी बंद कधी केलं? त्या रोज गुणगुणतात. आपली भिंत एकच आहे. सकाळी साडेसहाला, भाकरी थापताना. माझी बायको त्यावर चहा ठेवते."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"रोज?"

"रोज."

"काय म्हनती?"

आता मला गाता येत नाही. शाळेत प्रार्थनेलाही मी नुसते ओठ हलवतो. पण हा माणूस एवढा जवळ येऊन, कान पुढे करून बसलेला. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि वहिनींची ती जात्यावरच्या ओवीसारखी चाल जमेल तशी, छाती फुगवून म्हणायला लागलो. जिन्यात आवाज घुमला. वरचं एक दार उघडलं, कोणीतरी डोकावून परत लावून घेतलं. मारुतराव डोळे मिटून बसले होते. कानात किती जात होतं कोण जाणे, पण गुडघ्यावरचं बोट चालीत हलत होतं.

उशीर का झाला म्हणून वहिनी जिन्याने खाली आल्या होत्या. कधी येऊन उभ्या राहिल्या आम्हाला कळलं नाही. किती ऐकलं त्यांनी, तेही मी कधी विचारलं नाही. डोळे पदराने पुसत त्या म्हणाल्या, "सर, दुसरी ओळ खाली जाते. तुम्ही वर नेता."

मी उठलो. माझ्या जागेवर वहिनी बसल्या, नवऱ्याचं डोकं एका हाताने जवळ घेतलं आणि त्यांच्या कानाशी दुसरी ओळ म्हटली.

कानाचे डॉक्टर, तपासण्या, मशीन, हे सगळं नंतर झालं. त्या दुपारी मात्र राहिलेले दोन मजले मी एकटाच चढलो, आणि लेकीला सांगितलं, पानं जरा थांबून वाढ.