उलटी टांगलेली गोधडी

तानाबाई माणसाच्या तोंडाकडे पाहत नसे, कपड्याकडे पाहत असे. समोरून कोणी आला की आधी त्याच्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरायची, अंगठ्यानं चोळून पाहायची आणि मग विचारायची, "हा कधी फाटन?"

नवा सदरा घालून निघालेल्या माणसाला हे ऐकून कसं वाटेल, याचा विचार तिनं कधी केला नाही. लग्नाच्या मांडवातही ती नवरदेवाच्या कुर्त्याला हात लावून म्हणे, "सुखी राह्य बापा. आन फाटला का मले देजो." नवरीच्या आईला वाटायचं आशीर्वाद दिला. नवरदेवाच्या आईला वाटायचं शाप दिला. तानाबाईला दोन्हीचं काही नव्हतं. तिचा डोळा कापडावर असायचा.

नागभीडला तिचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक काटेरी कुंपण होतं. नवरा रेल्वेच्या रुळांवर काम करायचा, तो तरणाच गेला. मूलबाळ नव्हतं. रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत ती धानाच्या बांधीत असायची, बाकी वर्षभर ओसरीत पाय पसरून गोधडी शिवायची. विकायची नाही. ज्याच्या घरी पाळणा हलला, ज्याचं घर जळालं, ज्याचा मुलगा शिकायला बाहेरगावी निघाला, त्याच्या दारात एक दिवस गोधडी येऊन पडायची. मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात गेलो तेव्हा माझ्याही ट्रंकेवर एक येऊन पडली होती. होस्टेलात पहिल्या रात्री पांघरली, तर नाकापाशी आमच्याच वस्तीतल्या पाटलाचं धोतर.

आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारा मी पहिला. हे मी लाजून सांगत नाही, कारण ते लाजण्यासारखं नाही. बी.ए. झालो तेव्हा नागपूरच्या स्टुडिओत काळा झगा घालून फोटो काढला आणि घरोघर दाखवत फिरलो. तानाबाईनं फोटोतल्या झग्यावर बोट ठेवलं.

"हा झगा कुठी हाय?"

"तो भाड्याचा होता. परत दिला."

"वापस देल्ला? मंग तुले भेटलं का?"

"पदवी. कागद आहे तिचा."

"कागद," ती म्हणाली आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू बाजारात मला कोणी ठकवलं होतं. त्या दिवसापासून तिनं माझं नाव टाकलं आणि मला 'बिये' म्हणू लागली. आमच्याच शाळेत मास्तर म्हणून लागलो, तेव्हा वर्गासमोरून जाताना खिडकीतून हाक यायची, "अरे बिये! डब्बा राह्यला तुहा!" पोरं हसायची. मला आतून बरं वाटायचं. पदवी नावात घेऊन हाक मारणारं दुसरं कोणी गावात नव्हतं.

तिचं एकच वैर होतं, टेरिकॉटशी. त्या वर्षांत जो तो टेरिकॉट घालू लागला होता. इस्त्री नको, चुरगळत नाही, आणि तिच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट म्हणजे फाटत नाही. "मानूस मरते पन हे मरत नाई," ती म्हणे. "सुई घसरते, घाम पेत नाई. असं कापड कोनाच्या कामाचं?" माझ्या टेरिकॉटच्या पँटीला ती हातही लावत नसे. मी तिच्यासाठी मेलो होतो, असंच म्हणा ना.

आणि एक नियम होता. गोधडी टांगायची नाही. वाळत घालायची तीसुद्धा खाटेवर पसरून. "गोधडी आंगावर घ्याची वस्तू हाय. भितीले का थंडी वाजते?"

म्हणून महिला मंडळानं आमच्या शाळेत गोधड्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं, आणि अध्यक्षबाईंनी तानाबाईला तयार करायचं काम माझ्यावर टाकलं, तेव्हा मी आधीच हात टेकले होते. अध्यक्षबाई एका साहेबांच्या पत्नी, पुण्याकडच्या, मनानं चांगल्या. त्यांना वाटलं, शेजारी म्हणून माझा शब्द चालेल.

मी कुंपणावरून विषय काढला. तानाबाईनं मानही वर केली नाही.

"नाई."

"आसपासच्या सगळ्या गावांतून बाया येणार आहेत," मी म्हणालो. "नदीपलीकडच्यासुद्धा."

सुई थांबली. "आरमोरीकडच्या?"

"हो."

"मंग देतो," ती म्हणाली. "पन मीच टांगीन. कोनी हात नाई लावाचा."

प्रदर्शनाच्या सकाळी तिनं पेटीच्या तळातून एक गोधडी काढली. मी ती कधी पाहिली नव्हती. इतकी रुंद की शाळेतला दोर कमी पडला. दर्शनी बाजूला बारीक बारीक तुकड्यांची ओळीवर ओळ, असं काम मी तिचंही पाहिलं नव्हतं. आणि तानाबाईनं ती बाजू भिंतीकडे केली. समोर आली मागची बाजू. हिरवं लुगडं, लाल काठ, त्यावर नुसते धावदोरे.

"तानाबाई, उलटी लागली."

"मी शिवली का तू? बिये, मले शिकवतं?"

मग खालच्या बाकावर बसली आणि पहिल्यांदाच, कपड्याकडे न पाहता माझ्याकडे पाहून बोलली. ते लुगडं तिच्या आईचं. कोष्ट्याकडून विणून घेतलेलं. आई गेली तेव्हा मागं राहिलं ते एवढंच, आणि मुली दोन. धाकटी गया, आरमोरीकडे दिलेली. गया म्हणाली, मधून फाडू, अर्धं तुला अर्धं मला.

"फाडाले निघाली होती थे," तानाबाई म्हणाली. "मायचं लुगडं. मी लपवलं. सांगतलं, घुशीनं नेलं."

"मग?"

"मंग का? 'तूच घूस हायेस' म्हने, आन गेली. थेव्हापासून आली नाई."

गावभराचे कपडे फाटायची वाट पाहणाऱ्या या बाईनं ते एक लुगडं अख्खं ठेवलं होतं. कात्री न लावता, दुहेरी करून, गोधडीचं अस्तर केलं होतं. लहानपणी दोघी आईच्या दोन अंगांना निजायच्या, म्हणून दोघींना पुरेल एवढी रुंद.

"मग तिच्या घरी नेऊन का नाही दिली?"

"मी मोठी हावो. मोठी पहिले गेली तं लहानीचं डोकं आभाळाले लागन." मग म्हणाली, "बांगड्यावाल्याच्या हातून निरोप धाडला. तानाची गोधडी लागून राह्यली शाळेत, एवढंच. आली तं दुरूनच ओळखन. बोलाचं कामच नाई."

दुपारपर्यंत ती बाकावरून हलली नाही. दारातून येणाऱ्या प्रत्येक बाईचं लुगडं तिनं पाहिलं. लोक तिच्या गोधडीसमोर क्षणभर थांबायचे, साधंच आहे म्हणून पुढं जायचे. कोणी हात पुढं केला की ओरडायची, "लांबूनच! तुह्या मायची हाय का?"

उन्हं कलली तशी ती भाकर खायला आणि हापशीवर पाणी प्यायला गेली. मी बाहेरच्या मांडवात माईकवर होतो. मंडळाच्या मते बी.ए. झालेल्या माणसाचा आवाज माईकसाठीच असतो. तेवढ्यात अध्यक्षबाई परीक्षकांना घेऊन हॉलमध्ये शिरल्या. "अगं बाई, ही कुणी उलटी लावली?" म्हणाल्या, आणि दोन पोरींना बाकावर चढवून त्यांनी गोधडी सुलटी करून घेतली.

पुढं काय झालं ते लोकांनी मला सांगितलं. परीक्षक जागचे हलेनात, आणि गर्दी झाली. एक म्हातारा म्हणाला, "हा तं माहा लग्नातला सदरा." दुसऱ्याला बापाचा पटका सापडला. माणसं नाक लावून आपापले कपडे शोधू लागली. पहिलं बक्षीस तिथंच ठरलं.

मी ते माईकवरून पुकारलं, आणि मंडळाच्या बायांनी तानाबाईला हापशीवरून थेट मांडवात आणलं, ओल्या हातांनी.

"मले बक्षीस नोको! मले तिथी बसू द्या!"

सगळे हसले. असं बोलतच असते, म्हणाले. मुख्याध्यापकांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि मिशीत हसत हळूच म्हणाले, "तानाबाई, तिसऱ्या ओळीत माझा पट्ट्यापट्ट्यांचा पायजामा आहे. दोरीवरून गेलेला."

एरवी ती म्हणाली असती, फाटला होता, पाहनं तुमचं काम होतं. आज बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"तुमाले कसा दिसला?"

"म्हणजे? समोरच तर आहे."

ती मांडवातून तशीच निघाली, खांद्यावर शाल, काखेत नारळ. मी माईक सोडून मागं धावलो.

हॉलच्या दाराशी शाळेची मदतनीस बाई बसली होती. ती कौतुकानं सांगू लागली, "बहुत लोक आले तुमच्या गोधडीले. एक बाई तं आरमोरीकडची, एकटीच आल्ती. एकेक तुकड्यावर बोट फिरवलं तिनं. वरून खालपर्यंत. मले वाटलं, इचं काही हरपलं का."

"मंग?" तानाबाई म्हणाली.

"मंग म्हने, साऱ्या गावाच्या चिंध्या हायेत, आमच्या मायचा एक धागा नाई. आन गेली. आत्ताच."

बसस्टँड शाळेपासून जवळ आहे. आम्ही पोचलो तेव्हा आरमोरीची गाडी रेल्वेच्या फाटकाच्या पलीकडे गेली होती आणि रस्त्यावर धूळ खाली बसत होती.

गया आली होती, हे मला राहून राहून आठवतं. रागावलेली माणसं गोधडी पाहायला नदी ओलांडून येत नाहीत. तीही तेच लुगडं शोधायला आली होती. कोपरा जरा उचलून पाहिला असता तर. बक्षीस दुसऱ्या कोणाला मिळालं असतं तर. पण कोणाला दोष द्यावा? अध्यक्षबाईंनी तर चांगलंच केलं होतं.

मी म्हणालो, "उद्याच जातो आरमोरीला. सगळं सांगतो."

"तुले माही शपथ हाय," ती म्हणाली. "तू सांगशीन तं थे तुह्या सांगन्यानं येईन. म्हनन, तानानं मास्तर धाडला. तिनं तिच्या डोऱ्यानं पाहाले पायजे."

नारळ तिनं स्टँडवरच्या एका लेकुरवाळीला देऊन टाकला. शाल माझ्या हातात कोंबली. पाहून सांगतो, टेरिकॉट होती.

पुढं माझी बदली आलापल्लीला झाली. सुट्टीत घरी आलो की पहिली नजर कुंपणापलीकडे जायची. तानाबाईनं आपला नियम मोडला होता. गोधडी आता खाटेवर नव्हती. अंगणाच्या पुढच्या बाजूला, अगदी रस्त्याच्या कडेला, दोन बांबूंवर टांगलेली असायची. पावसाळा सोडून रोज. तुकड्यांची बाजू घराकडे, हिरवं लुगडं रस्त्याकडे. आरमोरीच्या गाड्या त्याच रस्त्यानं जातात.

येणारे-जाणारे हाक देत, "तानाबाई, गोधडी उलटी टाकली वो!"

"रस्त्याकडून सुलटी हाय," ती म्हणे, आणि आता गाडीच्या खिडकीतल्या तोंडांकडे पाही.

मागच्या उन्हाळ्यात मी कुंपणापाशी जाऊन ते लुगडं बोटांत धरून पाहिलं. लाल काठ फिकट गुलाबी झाला होता. हिरवा रंग उन्हानं उडून वाळल्या गवतासारखा दिसत होता. धावत्या गाडीतून तो कोणाला ओळखू येणार नव्हता, त्या आईच्या सख्ख्या लेकीलासुद्धा.

"तानाबाई," मी म्हणालो, "आत घ्या आता. ऊन खाऊन राह्यलं त्याले."

तिनं माझ्याजवळ येऊन काठ अंगठ्यानं चोळला, जसा ती सगळ्या जगाचा चोळायची.

"फाटलं नाई अजून," ती म्हणाली, आणि गाडीचा आवाज आला तशी रस्त्याकडे वळली.